कॉलेजची फी आणि आयकर: सवलत कोणाला मिळते?

प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी फीचा हिशेब मांडला जातो. त्यापाठोपाठ एक सवाल हमखास येतो: "एवढी फी भरली, टॅक्समध्ये काही सुटेल का?" याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते. तुमचा कर कोणत्या पद्धतीने मोजला जातो, फी कोणती आहे आणि ती कोणी भरली.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फीची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आज नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. आर्थिक वर्ष २०२५-२६साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य आहे. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणजे पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असला तरी कर नाही. (शेअर किंवा जागा विकून झालेल्या नफ्याचा हिशेब निराळा.) ज्या घराचे उत्पन्न या मर्यादेत आहे, त्याने फीच्या पावत्यांसाठी जुन्या प्रणालीत जाण्याचे कारण नाही.

उत्पन्न जास्त असेल तर? समजा, वडिलांचा पगार वर्षाला १५ लाख आहे. नव्या प्रणालीत उपकरासह कर ९७,५०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत फीसाठी दीड लाखांची पूर्ण वजावट घेतली तरी कर २,१०,६०० रुपये. फी, घरभाडे, गृहकर्जाचे व्याज, आरोग्यविमा अशा सगळ्या वजावटी मिळून सुमारे साडेपाच लाखांच्या घरात जात असतील, तरच या पगाराला जुनी प्रणाली परवडते.

हिशेबाअंती जुनी प्रणालीच फायद्याची ठरली, तर कलम ८०सीचे नियम लक्षात घ्या:

• सवलत फक्त शिकवणी शुल्कावर मिळते. विकास निधी, देणगी, वसतिगृह, बस यांवर नाही. खासगी क्लासची फीही चालत नाही.
• शिक्षण पूर्णवेळ आणि संस्था भारतातली हवी. परदेशी विद्यापीठाची फी बसत नाही.
• एका पालकाला दोनच मुलांची फी दाखवता येते. अम्मी-अब्बा दोघेही कर भरत असतील, तर दोघे वेगवेगळ्या दोन-दोन मुलांची दाखवू शकतात. ज्याच्या खात्यातून फी गेली, त्यानेच ती दाखवावी.
• स्वतःची, पत्नीची किंवा धाकट्या भावाबहिणीची फी चालत नाही.
• फी ज्या वर्षी भरली, त्याच वर्षी ती मोजली जाते. पीपीएफ, आयुर्विमा यांच्यासह एकूण मर्यादा दीड लाखांचीच.

बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी कलम ८०ई आहे. तेही जुन्या प्रणालीतच. त्यात सवलत फक्त व्याजावर असते, मुद्दलावर नाही, आणि फेड सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते. आपल्यातील अनेक घरे व्याजाचे कर्ज टाळतात आणि नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेतात. त्यात व्याजच नसल्याने ८०ईचा प्रश्न येत नाही. मात्र त्या पैशातून पालकाने स्वतः भरलेली फी ८०सीमध्ये दाखवता येते.

इथे एक सावधगिरी हवी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. चाचा-मामूंकडून घेतलेले बिनव्याजी कर्जही यातून सुटत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून रक्कम बँकेतून घ्या, परतफेडही बँकेतूनच करा आणि दोघांच्या सहीचा साधा कागद जपून ठेवा.

शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. पण एखाद्या ट्रस्टने परस्पर कॉलेजात भरलेली फी पालकाला आपल्या नावावर दाखवता येत नाही.

शेवटी मुदतीचे. पगारदाराला दरवर्षी प्रणाली निवडता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच जुनी मिळते. उशीर झाला तर नवीच लागू होते. दुकान किंवा धंदा असलेल्यांनी अधिक जपावे. जुनी प्रणाली घेण्यासाठी त्यांना वेगळा अर्ज भरावा लागतो आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. १ एप्रिल २०२६पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. तेव्हा कर सल्लागाराकडे जाताना फीची पावती शुल्काच्या तपशिलासह न्या आणि दोन्ही प्रणालींतला कर शेजारी शेजारी मांडून मागा.