सायकलीची फेरी

सायकलीवरून फेरी आखणारी तरुण मंडळी बहुधा प्रथम अंतर मोजतात व थांबे मागाहून ठरवितात. हा क्रम उलटा हवा. साताऱ्याहून वाईस महामार्गाने भरधाव निघालेला सायकलस्वार लवकर पोहोचेल खरा. परंतु लिंब गावी विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर त्यास दिसावयाची नाही. विहीर ती, जमिनीखालीच असावयाची! तिच्या पायऱ्या उतरून आतल्या दगडी महालात घटकाभर विसावावे, मग वाई गाठून तेथेच मुक्काम करावा. सकाळी मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि घाटावरील, 1707 साल कोरलेली पोर्तुगीज घंटा पाहून कुडाळ-मेढ्याच्या वाटेने परतावे. ही वाट लांबची खरी. परंतु तिच्यावर मालमोटारींची धास्ती महामार्गाहून कमी.