पाऊस, घोडा आणि जुगाराचे कलम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आणि कलकत्त्यात पावसावर सट्टा चालत असे. ठरलेल्या वेळेच्या आत छपराची पन्हळ वाहील की नाही, एवढाच प्रश्न. त्यावर पैसे लागत. मुंबईच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात हा प्रकार नीट बसेना, म्हणून १८९० साली दुरुस्ती करून तो त्यात बसवण्यात आला. बंगालने १८९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. मुंबईचा तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. पाऊस पडणे, न पडणे, किती पडणे यांवरच्या पैजेचा अड्डा त्यात जुगाराचा अड्डा ठरतो. आणि त्याच कायद्यातील जुगाराची व्याख्या घोड्यांच्या शर्यतीला वगळते, मात्र पैज शर्यतीच्याच दिवशी आणि परवाना असलेल्या मैदानाच्या नेमून दिलेल्या आवारात लावलेली हवी.

साहित्याचा अभ्यासक एखाद्या संहितेत शेजारी-शेजारी आलेली दोन विधाने जशी वाचतो, तशी ही दोन कलमे वाचून पाहावीत असे आम्हांला वाटते. पावसावर पैसे लावणारा गुन्हेगार, आणि पावसात पळणाऱ्या घोड्यावर लावणारा शौकीन! या भेदाला आधार आहे तो ‘नशीब’ आणि ‘कसब’ या दोन शब्दांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात, घोड्यांची शर्यत हा कसबाचा खेळ असल्याचे ठरवले. घोड्याची अंगभूत कुवत, जॉकीची लायकी, तयारी, पाठीवरचे वजन, शर्यतीचे अंतर या गोष्टी पैज लावणाऱ्याला पारखता येतात, असा तो युक्तिवाद. तो आम्हांला खोटा वाटत नाही. फक्त या यादीशेजारी पाऊस ठेवला म्हणजे ती कशी दिसते, ते पाहायचे आहे.

त्यासाठी पुण्याइतके सोयीचे मैदान नाही. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईचा हंगाम हिवाळ्यात महालक्ष्मीला होतो. पुण्याचा हंगाम जुलैपासून पुढे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. मुंबईला फेब्रुवारीत इंडियन डर्बी धावते तेव्हा जमिनीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पुण्यात मात्र तो शनिवार-रविवारी रोज नव्याने उभा राहतो. गवताची धावपट्टी किती ओली, हे पेनिट्रोमीटर या साध्या उपकरणाने मोजतात: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचे आणि दांडा जमिनीत किती रुततो ते पाहायचे. तो जितका खोल जाईल तितकी जमीन मऊ.

मऊ जमिनीत खूर रुततो आणि तो उपसून काढण्यात शक्ती जाते. म्हणून आखूड पल्ल्याची शर्यतदेखील लांबल्यासारखी होते. वेगापेक्षा दम कामी येतो आणि पाठीवरचे वजन अधिक जाणवते. गुडघे उंच उचलून टाप टाकणारा, रुंद खुरांचा घोडा चिखलात बरा, आणि जमिनीलगत हलकी झेप घेणारा कोरड्या पट्टीवर बरा, असे जाणकार मानतात. मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडतो. काही घोडे तो सोसतात, काही तेथेच हाय खातात. कठड्यालगतची जमीन आधीच्या शर्यतींनी तुडवलेली असली, तर जॉकी जवळचा रस्ता सोडून बाहेरून घोडा काढतो. शिवाय ओल्या पट्टीवरची वेळ कोरड्या पट्टीवरच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही. म्हणजे ज्या आकड्यांवर पारख उभी, त्यांचा अर्थच पाऊस बदलतो.

जाता जाता एक भाषिक गंमत. पेरणीसाठी जमीन ना ओली ना कोरडी अशा बेताला आली, की आपला शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो. शर्यतवाल्यांची ‘गुड’ जमीन याच जातीची. पण घोड्यांविषयी बोलताना ‘सॉफ्ट’ आणि ‘हेवी’ यांपलीकडे आपली जीभ वळत नाही. असो.

हे सारे अभ्यासाने कळते, तेव्हा ते कसबच, असे कोणी म्हणेल. आमचा आक्षेप येथे सुरू होतो. सकाळी पडलेला पाऊस सर्वांनाच दिसतो. मैदानावर शिरणारा प्रत्येक जण ओलाव्याचा आकडा वाचतो, आणि चिखलात चालणाऱ्या घोड्याचा भाव त्याच क्षणी उतरतो. टोटवर तर लागलेल्या रकमेतून सरकारचा आणि क्लबचा वाटा कापून उरलेलीच जिंकणाऱ्यांत वाटली जाते. जे सर्वांनी ओळखले त्याचा मोबदला नगण्य. पावसाच्या ज्ञानाला किंमत येते ती इतरांना ते नसेल तरच. आणि पाऊस अजून पडायचाच असेल, तर ते ज्ञान उरत नाही, ढगांवरची अटकळ होते. बुकीकडे सकाळी पक्क्या भावाने पैज लावून दुपारच्या सरीची वाट पाहणारा गृहस्थ १८९० च्या पन्हळवाल्याहून वेगळे काय करतो?

इंग्लंडमधील दोन शर्यती येथे आठवतात. १९२८ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ४२ घोडे सुटले. धुके होते आणि जमीन अतिशय जड. कालव्याजवळच्या अडथळ्यावर एक घोडा अडकला आणि मागची सगळी रांग कोलमडली. एकदाही न पडता शर्यत पुरी करणारा टिपररी टिम एकटाच. त्याचा भाव होता शंभरास एक. त्याच्यावर पैसे लावणाऱ्याने जमीन नेमकी वाचली होती, असे कोणी म्हणणार नाही. याच्या उलट ऑक्टोबर २०१२ मधील ॲस्कट. पावसाने पट्टी मऊ झालेली, समोर मऊ जमिनीवर खुलणारा फ्रान्सचा सीरूस देझेग्ल, आणि तरीही फ्रँकेलने आपली चौदावी आणि अखेरची शर्यत जिंकलीच. तेथे जमीन अचूक वाचून फ्रेंच घोड्यावर पैसे लावणारेही हरले. पहिल्या शर्यतीत अडाण्याला घबाड मिळाले, दुसरीत अभ्यासकाचे पैसे बुडाले.

शर्यती बंद कराव्यात असे आम्ही म्हणत नाही, आणि न्यायालयाचे वाचन चुकले असेही नाही. घोडा ओळखणे हे कसब आहेच. पण त्या एका शब्दाच्या छत्राखाली पैज लावणाऱ्याच्या हातातले सगळेच कसब ठरते, हे आम्हांला पटत नाही. वाचणाऱ्या माणसाला आपल्या वाचनाचा अभिमान असतो, आणि घोड्यांच्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणारा कारकून किंवा प्राध्यापक या अभिमानापायीच अधिक गमावतो. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला निदान तेवढा भ्रम नसतो. वर्तमानपत्रांतील ‘संभाव्य विजेते’ हे सदरही याच अभिमानावर जगते. आदल्या दिवशी लिहिलेल्या त्या मजकुराला रात्रीच्या पावसाचा पत्ता नसतो, परंतु त्याचा स्वर मात्र निकालपत्राचा.

जॅकपॉटचेच उदाहरण घ्या. ओळीने पाच शर्यतींचे विजेते सांगायचे, आणि तिकीट पहिली शर्यत सुटण्याआधी फाडायचे. समजा, ऑगस्टमधील एका रविवारी कोणी कोरडी पट्टी गृहीत धरून पाच नावे लिहिली, दोन शर्यती बरोबर आल्या, आणि तिसरीपूर्वी जोराची सर आली. खिडकीपाशी नवी पैज लावणारे आता चिखलाचा विचार करून घोडा निवडतील. याच्या तिकिटावरची उरलेली तीन नावे मात्र बदलता येत नाहीत. तो छत्री उघडून आभाळाकडे पाहत उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने या घडीलाही तो कसबाचा खेळ खेळत असतो.