पंक्चर आतल्या बाजूचं!

एका आठवड्यात तीन पंक्चर. तीनही मागच्याच चाकाला. तिसरं झालं ते नेमकं गुरुवारी सकाळी, कर्वे रोडवर, एका इंटरव्ह्यूच्या पंधरा मिनिटं आधी. घामाघूम होऊन सायकल ढकलत पोचले, तर ज्यांना भेटायचं होतं ते निघून गेलेले. स्टोरी हातची गेली. आता फ्रीलान्सरची स्टोरी जाते म्हणजे काय होतं, हे दर एक तारखेला पगार जमा होणाऱ्या मंडळींना कसं सांगू? त्या महिन्याचा डबा जातो बॉस!

त्या रात्री मी सायकलचे चार अँगलने फोटो काढले. विकायला. नोकरी सोडताना स्कूटरचा हप्ता झेपणार नाही म्हणून स्कूटर काढून टाकली आणि साठवलेल्या पैशांतून ही गिअरची सायकल घेतली होती. सगळ्यांना ऐटीत सांगितलंही होतं, की आता पेट्रोल नाही, पार्किंग नाही, टेन्शन नाही. रूममेटने फोटो बघितले आणि एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं ना, पुण्यातले रस्ते हे!"

रस्ते, काचा, खिळे. मीही तेच धरून चालले होते. तिन्ही वेळा पंक्चरवाल्याने ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले तिथे पॅच मारला आणि "काच असंल मॅडम" म्हणून पैसे घेतले.

विकण्याआधी निदान चाक धड असावं म्हणून शनिवारी पेठेतल्या एका जुन्या सायकलच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे चार पायऱ्या, एक पाण्याचं घमेलं आणि सत्तरीतले काका. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भोक कुठल्या अंगाला होतं, ताई?"

"अंगाला म्हणजे?"

"रस्त्याच्या अंगाला का रिमच्या?"

"काका, ते कोण बघतं?"

"तेच बघायचं असतं," म्हणाले आणि ट्यूब माझ्यापुढे धरली. ज्या बाजूला व्हॉल्व्ह, ती बाजू रिमची. माझे तिन्ही पॅच त्याच बाजूला होते! काचेने तिथपर्यंत जाणार कसं? रस्त्यावरचा खिळा टायरमधून घुसतो, म्हणजे भोक बाहेरच्या अंगाला पडतं. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, तर समजायचं की हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चेपली. आणि भोक आतल्या अंगाला असेल, तर रस्त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. चोर घरातच आहे.

काकांनी टायर पूर्ण उतरवला. रिमच्या खोबणीत रबराची एक पातळ पट्टी होती, एका बाजूला सरकलेली. तिच्या खालून स्पोकची भोकं डोकावत होती. माझ्या सायकलची रिम दुहेरी भिंतीची आहे, त्यामुळे स्पोक घट्ट करायला आतल्या बाजूला बोटाच्या टोकाएवढी भोकं असतात. एका चाकात ३२ स्पोक, म्हणजे ३२ भोकं. ट्यूबमध्ये ६० पीएसआय हवा भरली की नऊ मिलिमीटरच्या एका भोकावर अडीच किलोहून जास्त जोर येतो. हा हिशोब मी घरी येऊन केला आणि गार पडले. पट्टी जागेवर नसेल तर ट्यूब फुग्यासारखी त्या भोकात शिरते आणि धारदार कडेवर घासत राहते. पॅच मारून उपयोग काय? शेजारचं भोक वाट बघतच असतं!

या पट्टीचं नाव रिम टेप. सायकलच्या दुकानात तयार मिळते आणि फार महागही नसते. पण काकांकडे माझ्या मापाची नव्हती. "मेडिकलमधून कापडी चिकटपट्टी आणा," म्हणाले. जखमेवर कापूस धरून ठेवायला लावतात ती. कागदी नको, कापडीच हवी, कारण कापड ताणलं जात नाही आणि भोकात खचत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून काम केलं. रिम फडक्याने कोरडी पुसली. एक इंची पट्टी खोबणीला रुंद होत होती, म्हणून कात्रीने पाऊण इंचाहून जराशी कमी केली. भोकं झाकली गेली पाहिजेत, पण टायरची कड जिथे बसते तिथे पट्टी चढता कामा नये, नाहीतर टायर नीट बसत नाही. व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात, पट्टी खेचून धरत दोन फेरे, शेवटी थोडं एकावर एक, आणि व्हॉल्व्हपुरतं कापून मोकळं. वीस मिनिटांत काम फत्ते!

मी माझं ज्ञान पाजळलं, "इलेक्ट्रिशियनची काळी टेप चालली नसती?" काका हसले. उन्हात तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते, शिवाय ती ताणली जाते आणि जास्त हवेला भोकात खचते. घरी पोचण्यापुरती ठीक. आणि जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी? ती साध्या, एकेरी रिमच्या सायकलला झकास, तिथे हवा कमी लागते आणि पट्टीचं काम फक्त स्पोकची टोकं झाकायचं. पण टोक वर आलेलं असेल तर आधी कानशीने घासायचं, मग पट्टी. माझ्यासारख्या रिमवर मात्र रबर भोकात दबतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पंक्चरवाल्याकडे उभे राहाल तेव्हा मोबाइलमधून एक मिनिट डोकं वर काढा. भोक कुठल्या अंगाला आहे ते विचारा. आतल्या अंगाला असेल तर पॅचवर समाधान मानू नका, टायर पूर्ण उतरवून पट्टी बघायला लावा.

या गोष्टीला दोन महिने झाले. मधल्या काळात पंक्चर झालं एकदाच, आणि भोकात चक्क बाभळीचा काटा निघाला. बाहेरच्या अंगाला! मला केवढा आनंद झाला, पंक्चरवाला बघतच राहिला.

गुरुवारच्या त्या साहेबांनी पुन्हा वेळ दिली. दहा मिनिटं आधी पोचले, सायकलवरून. सायकलचे ते चार फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत. आज डिलीट करते.