विक्रमी मोटार आणि बाजाराचा भाव

जर्मनीतील स्टुटगार्ट येथे ५ मे २०२२ रोजी मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयातच झालेल्या लिलावात कंपनीने १९५५ची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ १३.५ कोटी युरोंना विकली. त्याआधीचा लिलावातील उच्चांक फेरारी २५० जीटीओचा. २०१८मधील ४ कोटी ८४ लाख डॉलरचा. म्हणजे एका उडीत भाव जवळजवळ तिप्पट!

मात्र, या आकड्यावरून जुन्या युरोपीय मोटारींचा बाजार जोखणे धोक्याचे आहे. अशा कूपे दोनच बनल्या. १९५५मध्येच ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजची मोटार प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक जण ठार झाले होते. त्या मोसमाअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि शर्यतीसाठी घडवलेली कूपे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट कामावर जाण्या-येण्यासाठी वापरू लागले. (अशी ‘कंपनीची गाडी’ कोणाला नको?)

शिवाय विक्रेता खुद्द निर्माता आणि बोली लावणारे निमंत्रित. याला खुला बाजार कसे म्हणावे? याउलट जॅग्वार ई-टाइप सत्तर हजारांहून अधिक तयार झाल्या. तिची किंमत आजही मूळ इंजिनाचा क्रमांक, पत्र्यावरील गंज आणि दुरुस्तीची कागदपत्रे पाहूनच ठरते. स्टुटगार्टचा आकडा दाखवून ती चढ्या भावाने गळ्यात मारणाऱ्या दलालाकडे ही कागदपत्रे आधी मागावीत.