खडा घ्या, पण पावतीसकट!

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन शहाड. इथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा तयार होतो. तो रेयॉन म्हणून विकला तर व्यवहार, रेशीम म्हणून गळ्यात मारला तर फसवणूक! मैत्रिणींनो, खड्यांचंही अगदी तसंच आहे.

मुलीचं लग्न लांबलं, नवऱ्याची नोकरी गेली, की कुणीतरी पुष्कराज नाहीतर माणिक सुचवतं. भिशीचे पैसे मग अंगठीत जातात. खडा लाभतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण पैसे खाणीतल्या खड्याचे मोजले, तर हाती तोच यायला नको का?

‘नीलम दुधात टाका, दूध निळसर दिसलं की अस्सल,’ असं सांगतात. अहो, निळ्या काचेनंही दूध निळसर दिसतं! आणि कृत्रिम माणिक म्हणजे काच नव्हे. फ्रान्सच्या व्हर्नुई यांनी १९०२ मध्येच आपली पद्धत जाहीर केली. घटक खाणीतल्या माणकाचेच, त्यामुळे घासून, ओरखडून काही कळत नाही. जाणकाराला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या वक्र रेषा आणि बुडबुडे दिसतात.

दुसरा प्रकार प्रक्रिया केलेल्या खड्यांचा. नीलम तापवून रंग खुलवतात, पाचूच्या भेगांत तेल भरतात. सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. पण हलक्या माणकाच्या भेगांत शिशाची काच भरलेली असेल, तर लिंबाच्या रसानंही ती खराब होते. रोज स्वयंपाक करणाऱ्या हाताला हे आधी कळायला हवं!

लक्षात ठेवा, हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याची नाही. म्हणून पक्की पावती मागा. तीवर खड्याचं नाव, वजन, नैसर्गिक की कृत्रिम आणि केलेली प्रक्रिया लिहून घ्या. खडा महागाचा असेल, तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर सरळ उठा. फसलात, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

कृत्रिम म्हणजे कमीपणा नव्हे. २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना प्रयोगशाळेत घडवलेलाच हिरा भेट दिला होता, तोही तसं सांगून. हौसेनं घाला, मिरवा. फक्त रेयॉनला रेशमाचा भाव देऊ नका!