रिप्ली गांवचा दिवा आणि रिप्ली गांवची होडी

जोतीराव फुले ह्यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक १८७३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस तें अर्पण केलें. वर्गांत हें सांगितलें म्हणजे एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, हे लोक कोण?" लिंकनचें नांव सर्वांस ठाऊक असतें. पण लिंकन एकटे, आणि अर्पण तर लोकांस आहे. त्या लोकांपैकीं कांहीं मला एका लहानशा नदीकांठच्या गांवांत सांपडले. त्यांच्याविषयीं, आणि आम्हां शिक्षकांच्या एका चुकीविषयीं, मला थोडें लिहावयाचें आहे.

सिनसिनाटी शहराच्या वरच्या अंगास सुमारें पन्नास मैलांवर, ओहायो नदीच्या उत्तर तीरावर रिप्ली हें गांव आहे. वस्ती आजही दीड-दोन हजारांचीच. नदीला लागून एक रस्ता, त्यावर विटांचीं जुनीं घरें, आणि पाठीमागें एकदम उभी राहिलेली टेकडी. समोरच्या तीरावर केंटकी संस्थान. १८६५ पूर्वीं त्या तीरावर माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती, ह्या तीरावर ती निषिद्ध होती. पुढें बांधलेल्या बंधाऱ्यांमुळें नदीचें पात्र आज फुगलेलें आहे. त्या काळीं तें अरुंद होतें, आणि कडाक्याच्या थंडींत गोठूनही जाई.

ह्या गांवीं १८२२ सालीं जॉन रँकिन हे प्रेस्बिटेरियन पाळक आले. आपल्या सख्ख्या भावानें गुलाम विकत घेतले हें कळतांच त्यांनीं त्याला गुलामगिरीच्या निषेधाचीं पत्रें लिहिलीं, व तीं १८२६ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. पुढें त्यांनीं टेकडीच्या माथ्यावर घर बांधलें. त्या घरचा दिवा रात्रीं पैलतीरावरून दिसे, आणि पळून आलेला मनुष्य त्या खुणेनें टेकडी चढे. पतिपत्नी व तेरा मुलें अशा त्या भरल्या घरानें शेंकडों जिवांस आसरा दिला. १८४१ सालीं गुलामांच्या शिकाऱ्यांनीं घरावर हल्ला केला, तेव्हां पाळकांच्या मुलांनीं बंदुकांनीं उत्तर दिलें. (उलिसिस ग्रँट, जे पुढें सेनापति व राष्ट्राध्यक्ष झाले, ते १८३८-३९ मध्यें ह्याच गांवांतील शाळेंत शिकत होते.) १८३८ मध्येंच एक स्त्री कडेवर मूल घेऊन फुटत्या बर्फावरून नदी ओलांडून आली. मिसेस स्टो ह्यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' ह्या १८५२ च्या कादंबरींतील एलायझा, ती हीच.

ही हकीकत मीं अनेक वर्षें वर्गांत सांगत आलों. मुलें तल्लीन होतात आणि मलाही गहिंवर येतो. पण त्याच गांवांत, टेकडीच्या पायथ्याशीं, नदीलगत दुसरें एक घर आहे, त्याचा उल्लेख मीं कधींच केला नाहीं.

तें घर जॉन पार्कर ह्यांचें. त्यांचा जन्म १८२७ सालीं व्हर्जिनियांत, गुलामगिरींत झाला. आठव्या वर्षीं आईपासून तोडून त्यांना विकलें, आणि सांखळींत जखडून अलाबामापर्यंत पायीं चालविलें. तेथें एका डॉक्टराच्या घरीं, त्याच्या मुलांच्या पुस्तकांवरून ते चोरून वाचावयास शिकले. ओतकाम शिकून त्यांनीं पै पै जोडली, आणि १८४५ सालीं अठराशें डॉलर भरून स्वतःस विकत घेतलें. नंतर ते रिप्लीस आले व त्यांनीं लोखंडाची ओतशाळा काढली. दिवसा ओतकाम, रात्रीं होडी.

आतां भेद पाहा. दिवा पाहून जो नदीपर्यंत पोहोंचला त्याला टेकडीवर आसरा होता. पण जो नदीपर्यंत येऊंच शकत नव्हता, त्याचें काय? त्याच्यासाठीं पार्कर स्वतः पैलतीरीं जात, जेथें सांपडले तर पुनः बेडी किंवा मृत्यु ठरलेला. एका जोडप्यानें पळूं नये म्हणून मालकानें त्यांचें तान्हें मूल आपल्या बिछान्याच्या पायथ्याशीं निजवून घेतलें होतें आणि उशाशीं पिस्तुलें ठेविलीं होतीं. पार्कर अंधारांत त्या खोलींत शिरले आणि मूल उचलून बाहेर पडले! १८५० च्या कायद्यानें फरारी गुलामास साहाय्य करणारास हजार डॉलर दंड व सहा महिने कैद ठरली, तेव्हां त्यांनीं सोडविलेल्यांचीं टिपून ठेविलेलीं नांवें ओतशाळेच्या भट्टींत टाकलीं. सारें गांव त्यांच्या बाजूचें होतें असें मात्र समजूं नये. रिप्लींतही गुलामांचे शिकारी राहात. रात्रीं पार्कर रस्त्याच्या कडेनें न जातां मधून चालत, कारण दबा धरणारा कडेला असतो.

कोणी म्हणतील, पार्करांची हकीकत आम्हांस कळणार तरी कशी? १८८० नंतर त्यांनीं ती एका वृत्तपत्रकारास सांगितली, आणि त्याचें हस्तलिखित ग्रंथालयांत पडून राहिलें तें थेट १९९६ सालीं छापलें गेलें. हें खरें. पण त्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं, आणि माझी टिपणवही जुनीच राहिली. खरें कारण मला दिसतें तें असें: पाळकांची गोष्ट सांगतांना आम्हां मिशनच्या शिक्षकांस ती आपल्याच घरची वाटते. तींत तारणारा आपल्यासारखा असतो, आणि तारला जाणारा मुकाट्यानें पायऱ्या चढतो. पार्करांच्या गोष्टींत मात्र कालचा गुलामच वल्हीं मारतो. ज्या ग्रंथकारानें शूद्रातिशूद्रांस स्वतः उठावयास सांगितलें, त्याच्या अर्पणपत्रिकेचा अर्थ सांगतांना ही दुसरी गोष्ट वगळणें मला आतां अप्रामाणिकपणाचें वाटतें. म्हणून पुढील सत्रापासून मी दोन्ही सांगणार आहें. पालकांनींही घरीं विचारावें, मुलांना होडी ठाऊक आहे कीं नुसता दिवा.

दोन्ही घरें आज जतन केलेलीं आहेत व पाहावयास मिळतात. पुण्यांत 'गुलामगिरी' छापून निघाली त्या वर्षीं रँकिन ऐंशी वर्षांचे होते, आणि पार्कर रिप्लींत राहून आपल्या मुलांच्या कॉलेजच्या शिक्षणाची तजवीज करण्यांत गुंतले होते.