खुबा आखडला? आधी कारण शोधा

‘दिवसभर खुर्चीत बसून खुबे आखडले आहेत? ही तीन आसने करा,’ असे सांगणाऱ्या चित्रफितींची सध्या मोबाइलवर रेलचेल आहे. तासन्‌तास संगणकासमोर बसणाऱ्यांना हा उपाय पटतोही. मात्र खुबा नेमका कशामुळे आखडला, हे न पाहता ताण देत राहणे अंगाशी येऊ शकते.

खुब्याची हालचाल स्नायू, सांध्याचे आवरण आणि हाडांची ठेवण यांवर ठरते. फार वेळ बसणाऱ्यांमध्ये मांडी मागे नेण्याची क्षमता कमी आढळते. ती पाहण्यासाठी टेबलाच्या कडेशी उताणे झोपून एक गुडघा छातीशी धरतात व दुसरा पाय खाली सोडतात. कंबर टेकलेली असताना ही दुसरी मांडी वर उचललेली राहिली, तर खुब्यापुढचे स्नायू ताठरलेले असण्याची शक्यता असते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश शल्यचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. अशा वेळी नियमित ताण, स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि मधूनमधून उठणे उपयोगी पडते.

दुसरी चाचणी खुर्चीत बसून करता येते. गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला नेले की खुबा आत वळतो. एका बाजूला हे वळण स्पष्टपणे कमी असेल आणि जांघेत दुखत असेल, तर दोष सांध्यातच असू शकतो. काहींत हाडांची ठेवणच आड येते. तिथे जोर लावल्यास सांधा अधिक दुखावतो. काहींत सांध्याची झीज असते, तर काहींत ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’.

या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होत जाते. स्टिरॉइडचा मोठा डोस आणि अतिमद्यपान ही त्याची प्रमुख कारणे. कोविडच्या उपचारांत स्टिरॉइड घेतलेल्या अशा तीन रुग्णांची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा या आजाराची चर्चा झाली. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. वेळीच निदान झाले, तर खुबा वाचवण्याचे प्रयत्न करता येतात. ‘आखडलाय, होईल मोकळा’ म्हणत महिने घालवले, तर शेवटी कृत्रिम सांधा बसवण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून कालपर्यंत सहज मांडी घालणाऱ्याला अचानक एका बाजूने ती घालता येईनाशी झाली, जांघ दुखू लागली किंवा चाल लंगडी झाली, तर आसनांआधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.